चोवीस मिनिटं

चिकटपट्टीखाली एक दोरी ताणलेली असते,
शेवईएवढी बारीक.
तळव्याला ती सापडली
की मला कळतं मी कुठे आहे.
या शहरात दुसरीकडे कुठेच
ते इतक्या लवकर कळत नाही.

शौलेय. फेब्रुवारी. बाहेर गुडघाभर बर्फ,
आत शाळेची जुनी व्यायामशाळा:
रबराचा वास, ओले कोट,
हीटरवर कुणीतरी वाळत घातलेले मोजे.
डोळ्यांवर काळी पट्टी. सगळ्यांच्याच.
आउद्रोनेला थोडा उजेड कळतो,
ऊर्तेला माणसांच्या नुसत्या कडा,
मला नवव्या वर्षापासून काहीच नाही.
पट्टी चढली की हिशेब बरोबर.
पंच कडेकडेने बोट फिरवून बघतात,
मी चोरून पाहत तर नाही ना.
दर वेळी मला हसू येतं.
माझ्यावर हा संशय
आणखी कोण घेणार?

मग ते म्हणतात, "तीलोस."
शांत व्हा.
टाळी नाही, नावाने हाक नाही, खोकला आला तर गिळायचा.
टाचणी पडली तर इथे खेळ थांबतो.
मागच्या महिन्यात तळावरून लढाऊ विमान उडालं,
आम्ही सहाजणी होतो तशाच आडव्या,
ते आभाळातून पुरतं निघून जाईपर्यंत.

आज तिसऱ्या रांगेत आई आहे.
पहिल्यांदाच आलीय.
बत्तीस वर्षं ती माझ्या अर्धं पाऊल पुढे
बोलत चालली:
पायरी. खड्डा. डावीकडे सायकल. जपून.
किटली तापलीय. तो माणूस तुझ्याकडे बघतोय. जपून.
डोळ्यांत तेल घालून तिने मला वाढवलं
आणि त्या तेलाचे डाग
माझ्या सगळ्या कपड्यांवर आहेत.

पलीकडे पावलं. दोन, तीन,
बूट वळल्याची चर्र,
आणि सव्वा किलोचा चेंडू
पोटातली घुंगरं वाजवत निघतो.
कानांत प्राण आणायचे म्हणजे काय
ते इथे शब्दशः करावं लागतं.
डावीकडे? नाही, उसळतोय,
माझ्या आणि ऊर्तेच्या मधे,
मी आडवी पडते,
हात डोक्यापलीकडे, पाय लांब.

दुसरा डाव, तीन-तीन.
तेल्शेयच्या मुलीने मारलेला चेंडू
बरगडीत बसला.
श्वास गेला तो आलाच नाही.
आणि त्या शांततेत
तिसऱ्या रांगेतून कुणीतरी
तोंडभर हवा आत घेतली.
मी वाट पाहिली.
तो शब्द मला पाठ आहे,
त्याआधी येणारी हवासुद्धा पाठ आहे.
आला नाही.

दहा सेकंदांत चेंडू परत जायला हवा.
दुखण्यासाठी नियमात वेगळा वेळ धरलेला नाही.
मागे हात नेऊन गोलाचा खांब चाचपला,
तीन पावलं,
कमरेतून वळून सोडला.
घुंगरं लांब, लांब,
मग जाळीची ती मऊ धाप.

त्यानंतर आम्ही दोन गोल खाल्ले. हरलो.
ते लिहायचं राहू नये.

कोट घालताना ती गप्पच होती.
मग माझं बोट धरून
तिने आपल्या तळहातावर टेकवलं:
चार नखांच्या खुणा,
ओळीने, खोल.
मी त्यांवरून एकदा गेले, परत एकदा गेले.
"फार मोठा असतो हा खेळ," ती म्हणाली.
"चोवीस मिनिटांचा," मी म्हणाले.
"तेच."

बाहेर पहिल्याच पायरीवर मी घसरले.
बर्फात बसकण मारली, बरगडी ठणकली,
काठी कुठेतरी खाली गडगडत गेली.
"सांगायचं होतंस की!"

वरून काहीच उत्तर नाही.
मग तीही हसता हसता
माझ्या शेजारी येऊन बसली.